कोरड्या मुलुखातील समुद्र

मार्काने त्या उशीचा उल्लेख का केला असावा, हा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला तो २३ जून २०२४ च्या रविवारी, नवी दिल्लीत गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथीड्रलमध्ये एका स्नेह्यांच्या सोबतीने मागच्या बाकावर बसलो असताना. रोमन कॅथॉलिक पंथात रविवारच्या शास्त्रवाचनांचे तीन वर्षांचे एक पंचांगच ठरलेले असते, आणि त्यानुसार त्या दिवशी देशोदेशींच्या वेदींवरून वादळच वाचले जात होते: प्रथम ईयोबाच्या ग्रंथातील तो भाग, जिथे देव समुद्राला दारे व अडसर लावून त्याच्या लाटांचा गर्व कुठवर चालेल याची हद्द आखून देतो, मग १०७ व्या स्तोत्रातले, लाटांबरोबर आकाशाएवढे वर चढणारे व खोल दरीत कोसळणारे खलाशी, आणि अखेर मार्काच्या चौथ्या अध्यायातील ती सुप्रसिद्ध कथा, जिच्यात गालील समुद्रावर वावटळ उठली आहे, नावेत पाणी भरत आहे, येशू वरामावर, म्हणजे नावेच्या मागच्या टोकाला, उशीला डोके टेकून गाढ झोपलेला आहे, आणि शिष्य त्याला हलवून विचारीत आहेत की आम्ही बुडतो याची आपल्याला काहीच फिकीर नाही काय. हीच कथा मत्तयाने सांगितली आहे, लूकानेही सांगितली आहे. उशी मात्र एकट्या मार्कापाशी आहे.

ज्याला केवळ बोध करावयाचा असतो त्याला उशीची गरज पडत नाही. प्राचीन परंपरा असे सांगते की मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिले, आणि पेत्र तर जातिवंत कोळी. तेव्हा नावेत कोणती वस्तू कुठे पडली होती हे त्याच्या डोळ्यांपुढून हलले नसेल, असे मानण्याकडे माझा कल आहे. काही अभ्यासकांच्या मते ती उशी म्हणजे नाव समतोल राहावी म्हणून ठेवलेली वाळूची पिशवी असावी. ती वाळूची असो वा पिसांची, एवढ्या थोर प्रसंगात एवढी क्षुल्लक वस्तू शिल्लक राहिली, याचाच मला विश्वास अधिक वाटतो.

त्या रविवारी दिल्लीत पाण्याच्या टँकरमागे हंडे घेऊन धावणारी माणसे रोजच्या वर्तमानपत्रांत छापून येत होती, यमुनेच्या पाण्यावरून दिल्ली व हरियाणा या दोन सरकारांचा तंटा चालू होता, आणि कॅथीड्रलमध्ये केरळच्या परिचारिका, झारखंडच्या मोलकरणी व गोव्याचे एखादे वृद्ध दांपत्य पंख्याच्या झोताखाली बसून, लाटांनी नाव भरत आल्याचे वर्णन ऐकत होते. या विसंगतीने मला हसू यावयास हवे होते. पण माझे मन भलतीकडेच गेले.

माझा जन्म वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे समुद्राला कोणी शत्रू म्हणत नाही. श्रावणातल्या पौर्णिमेला त्याला नारळ द्यावयाचा, पावसाळ्याचे महिने होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवावयाच्या, आणि तो शांत झाला की पुन्हा त्याच्याच दारी जावयाचे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा बंदोबस्त आहे. तो कोपतो, माणसे नेतो, तरीही अन्नदाता तोच. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या होड्यांना पाद्री आशीर्वाद देतो, त्यामागेही हीच भावना असावी. असे संस्कार घेऊन बायबल वाचावयास बसलेल्या माणसाला प्रारंभीच एक धक्का बसतो, तो असा की त्या ग्रंथातील समुद्र कोणाचाही नातलग नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात अंधाराने झाकलेले अथांग जल आहे. नोहाच्या काळी तेच जल सुटून जग बुडविते. दानिएलाच्या स्वप्नात चार वारे महासागर घुसळतात आणि त्यातून चार श्वापदे वर येतात. लिव्याथान नावाचा वक्रगती सर्प तिथेच राहतो. आणि अगदी शेवटी, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, नवे आकाश व नवी पृथ्वी अवतरते तेव्हा योहान मोठ्या समाधानाने नमूद करतो की समुद्र आता उरला नाही.

हे ज्या लोकांनी लिहिले ते मेंढपाळ व शेतकरी होते. त्यांची वस्ती डोंगरांत, आणि किनारपट्टीचा बराचसा भाग पलिष्ट्यांच्या व फिनिशियनांच्या ताब्यात. शलमोन राजासारख्या ऐश्वर्यवंतालाही जहाजे हाकण्यासाठी सोराच्या हिरामाकडून जाणते खलाशी मागवावे लागले. ज्यावर आपली सत्ता चालत नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही आणि ज्याच्यापलीकडून शत्रूच येतो, असे जे काही असेल त्याला त्यांनी समुद्र हे रूप दिले. म्हणूनच मला वाटते की पवित्र शास्त्रातला समुद्र समजावा तर तो कोकणात नव्हे, दिल्लीत समजावा. कारण शेकडो कोस कोरड्या मुलुखाच्या मध्यभागी बसलेल्या या शहरालाही समुद्र केवळ ऐकीव भयाच्या रूपाने ठाऊक आहे, आणि इथले वादळ, मे महिन्यात दुपारचा अंधार करून येणारी ती आँधी, पाण्याचा एक थेंबही न आणता झाडे उपटून जाते.

पाण्यावाचूनचे वादळ म्हटले की मला काश्मिरी दरवाजाजवळचे सेंट जेम्स चर्च आठवते. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बापाचा व राजपूत आईचा मुलगा. मिश्र रक्तामुळे कंपनीच्या फौजेत त्याला अधिकाऱ्याची सनद मिळणे शक्य नव्हते, म्हणून तो आमच्या शिंद्यांच्या चाकरीत, द बॉयन व त्याच्यामागून पेराँ या युरोपीय सरदारांनी उभारलेल्या कवायती पलटणींत शिरला. १८०० साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, राजपुतान्यात उनियाराच्या लढाईत जांघेत गोळी लागून तो रणांगणात पडला, आणि रात्रभर व दुसरा दिवसभर तिथेच, मेलेल्यांत व मरणाऱ्यांत, पडून राहिला. चोहोकडून एकच हाक येत होती, पाण्याची. रात्री कोल्हे प्रेते ओढीत जवळ येत, आणि जखमी माणसे हाताला लागेल तो दगड त्यांच्यावर फेकीत. या अवस्थेत त्याने नवस केला की जगलो तर देवाचे एक मंदिर बांधीन. दुसऱ्या दिवशी एक पुरुष व एक वृद्ध स्त्री, चांभार समाजातील, टोपलीत ज्वारीची भाकरी व मडक्यात पाणी घेऊन त्या मैदानात आली, आणि प्रत्येक जखमी माणसाला एक तुकडा व एक घोट देत निघाली. स्किनर प्याला. त्याच्याशेजारी त्याच्याच पलटणीचा एक राजपूत सुभेदार पाय तुटून पडला होता. त्याने ते पाणी नाकारले, आणि सांगितले की आता काही घटकांचाच हा त्रास, तेवढ्यासाठी मी जात कशाला घालवू.

या दोन माणसांमध्ये पडलेले ते मडके मला कोणत्याही गलबतापेक्षा अधिक हलताना दिसते. सुभेदाराला मूर्ख म्हणणे सोपे आहे. परंतु मरणाच्या तोंडाशी एवढा ताठ राहणारा माणूस पाहून आदर व संताप दोन्ही एकदम उसळतात, आणि ज्या समाजाने तहानलेल्याच्या व पाण्याच्या मध्ये एवढी उंच भिंत रचली त्याचे आपणही वारस आहोत हे विसरता येत नाही. स्किनरने पुढे त्या वृद्धेला आई मानून पैसे पाठविले, असे जेम्स बेली फ्रेझरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रात आहे.

१८०३ मध्ये शिंदे व इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले, पेराँने इंग्रजी वंशाच्या अधिकाऱ्यांना चाकरीतून दूर केले, आणि स्किनर इंग्रजांचा सेनापती लेक साहेब याच्याकडे जाऊन पिवळ्या अंगरख्यांच्या आपल्या प्रसिद्ध रिसाल्याचा सेनानी झाला. त्याने फारसीत ग्रंथ लिहिले, हांसीला जहागीर सांभाळली, बादशाही किताब मिरविले. नवस मात्र मागेच राहिला. चर्चच्या कामाला आरंभ झाला १८२६ मध्ये, आणि कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते ते अर्पण झाले २१ नोव्हेंबर १८३६ रोजी. म्हणजे छत्तीस वर्षांनी ऋण फिटले. चर्च याकोबाच्या नावाचे, म्हणजे पर्यायाने बांधणाऱ्याच्याही नावाचे, आणि याकोब म्हटले की जाळी सुधारताना नाव सोडून उठलेला जब्दीचा मुलगा आठवल्यावाचून राहत नाही. १८५७ च्या धामधुमीत घुमटावरील गोल व क्रूस गोळ्यांनी चाळण झाले. वेदीपुढे स्किनर स्वतः पुरलेला आहे. त्या वृद्धेचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आणि माझ्या मते ते देऊळ जितके त्याचे तितकेच तिचे आहे.

योनाच्या पुस्तकातील खलाशांचा नवस याहून निराळा. तिथेही वादळ आहे, तिथेही एक माणूस गलबताच्या तळाशी झोपला आहे, परंतु त्याची झोप पळपुट्याची. त्याला समुद्रात टाकताच पाणी निवळते, आणि मग, धोका टळल्यावर, ते परधर्मी खलाशी यज्ञ करून नवस बोलतात. काम झाल्यावर नवस बोलणारी माणसे मला फार आवडतात. त्यांच्या व्यवहारात सौदा नसतो. मार्काच्या कथेतही असेच काही उलटे आहे. वादळ असताना शिष्य घाबरलेले होते हे खरे, पण वारा पडून सर्वत्र निवांत झाल्यावर ते अत्यंत भयभीत झाले, असे तो लिहितो. समुद्राला दटावणारा हा कोण, हा प्रश्न त्यांना समुद्रापेक्षा भयंकर वाटला.

गालीलचा तो समुद्र खरे पाहता गोड्या पाण्याचे सरोवर, सुमारे एकवीस किलोमीटर लांब व तेरा किलोमीटर रुंद, आणि सागरसपाटीच्या दोनशे मीटरांहून अधिक खाली. भोवतालच्या उंचवट्यांवरून थंड हवा उष्ण खोऱ्यात एकाएकी कोसळते आणि घटकाभरात लाटा उठतात. १९८६ साली अवर्षणाने त्याचे पाणी मागे हटले, तेव्हा काठच्या चिखलात दोन कोळी भावांना सुमारे आठ मीटर लांबीची एक नाव सापडली, जवळजवळ दोन हजार वर्षांची, देवदार व ओक यांच्या जोडीला हाती येतील त्या लाकडांची ठिगळे लावलेली. ती येशूची होती असे म्हणण्यास कसलाही पुरावा नाही. गरिबाची होती, हे मात्र तिची ठिगळेच सांगतात.

आपल्या भाषेत ही कथा आणली तीही समुद्र भोगलेल्या माणसाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला पोचले, आणि त्या प्रवासाचे सविस्तर पत्र त्यांनी इंग्लंडात आपल्या वडिलांना धाडले. पुढे १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेल्या या पुराणिकाच्या गलबतावर माझा लोभ आहे, कारण त्यात बसलेला मनुष्य मराठी शिकावयास येत होता.

त्या रविवारनंतर पाचव्या दिवशी, २८ जूनला, दिल्लीत पाऊस असा कोसळला की सफदरजंगच्या वेधशाळेत चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर नोंद झाली, १९३६ नंतर जून महिन्यातली सर्वांत मोठी. मिंटो पुलाखाली वाहने बुडाली. कोणी नवस केले होते की काय, कोण जाणे.

मला विचाराल तर सर्व शास्त्रीय वादळांत श्रेष्ठ ते प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसाव्या अध्यायातले. पौल कैदी आहे, गव्हाने भरलेले आलेक्सांद्रियाचे गलबत चौदा दिवस वाऱ्यावर भरकटत आहे, आणि इथे कोणी उठून समुद्राला धमकावीत नाही. पाण्याची खोली मोजली जाते, आधी वीस वाव, मग पंधरा; वरामावरून चार नांगर टाकले जातात; पौल सर्वांना बळेच चार घास खावयास लावतो; उरलेला गहू समुद्रात जातो, गलबत वाळूत रुतून फुटते, आणि मग ज्यांना पोहता येते ते उड्या टाकतात व बाकीचे फळ्या धरून काठाला लागतात. समुद्र नसलेली नवी पृथ्वी योहानाला लखलाभ असो; मला ती नको. दिल्लीकर मराठी वाचकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, माझी विनंती एवढीच की त्याने हा एक अध्याय सावकाश वाचावा. त्याचा शेवटचा हिशेब लूकाने चोख मांडला आहे: गलबत गेले, माल गेला, आणि माणसे होती २७६, ती सर्व वाचली.