जोखीम

पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा कणीक भिजवता भिजवता एक कागद माझ्यापुढे सरकवला. "ताई, एवढं वाचून सांगा." मुलाच्या शाळेचं पत्र होतं, सगळं इंग्रजीत. फीचे दोन हप्ते थकलेत. आणखी उशीर झाला तर पाल्याचं वर्ष 'जेपर्डाइज' होईल, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. मी म्हटलं, "वर्ष धोक्यात येईल म्हणतायत." परातीतला हात थांबला. "कोण आणतंय धोक्यात? मी?"

त्या गेल्यावरही तो प्रश्न स्वयंपाकघरातून हलेना. मी शब्दाच्या मागे लागले.

'जेपर्डाइज'च्या मुळाशी 'जेपर्डी', आणि तिच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'ज्यू पार्ती': वाटून घेतलेला खेळ, दोन्ही बाजू तुल्यबळ असलेला डाव. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये याच नावाची काव्यजुगलबंदी रंगायची. एक कवी पेच टाकायचा, त्याच्या दोन बाजू मांडायचा. कोणती घ्यायची ते समोरच्यानं ठरवायचं आणि उरलेली बाजू पहिल्यानं लढवायची. किती सभ्य रीत! निवडीचा मान आधी दुसऱ्याला.

मग तोच शब्द इंग्रजीत बुद्धिबळाच्या पटावर येतो. चॉसरच्या 'द बुक ऑफ द डचेस'मध्ये काळ्या कपड्यांतला एक सरदार झाडाखाली शोक करत बसलाय. दैवानं माझ्याशी बुद्धिबळाचा डाव मांडला आणि माझा वजीर मारला, असं तो सांगतो. पटावरच्या 'जेपर्डी' मला ठाऊक असत्या तर मी तो राखला असता, ही त्याची हळहळ. वजीर म्हणजे त्याची लाडकी, आणि ती मेलेली आहे. तुल्यबळ डावाचा शब्द संकटाकडे कसा झुकला, ते मला या सरदाराजवळ थांबल्यावर कळलं. ज्याचं माणूस जायचं असतं त्याला बरोबरीचा डावही भयंकरच वाटणार.

क्रियापद मागाहून आलं. आधी नुसतं 'जेपर्ड' होतं. वेबस्टरनं 1828च्या कोशात 'जेपर्डाइज'ला निरुपयोगी ठरवलं, कारण त्याच अर्थाचा शब्द हाताशी होताच. आज 'जेपर्ड' कुणाच्या तोंडी नाही आणि हा निरुपयोगी शब्द फीच्या पत्रात येऊन बसलाय. त्याच्या पुढ्यात नेहमी मोलाचंच काहीतरी असतं: जीव, नोकरी, तह, मुलाचं वर्ष. कवडीमोल वस्तूला कुणी जेपर्डाइज करत नाही.

आपण त्याचं मराठी 'धोक्यात येणे' करतो, तिथे मात्र माझं मन खट्टू होतं. नदी धोक्यात येते, नोकऱ्या धोक्यात येतात, जणू पाऊस यावा तशा. आणणारा वाक्यातून पसार. त्यापेक्षा 'पणाला लावणे' खरं बोलतं. तिथे फासे आहेत, लावणारा हात आहे आणि लावलेल्या वस्तूवर त्या हाताचा हक्क होता का, हा प्रश्नही आहे. द्यूतसभेत न्यायला आलेल्या दूताला, प्रातिकामीला, द्रौपदीनं तोच प्रश्न देऊन परत पाठवलं होतं: आधी स्वतःला हरलात की मला? भीष्मांनाही त्याचा निकाल देता आला नाही. मावशींनी विचारलं ते याच जातीचं होतं.

मला मात्र आजीचा शब्द जवळचा वाटतो. लग्नाला निघालो की ती दागिने जुन्या रुमालात बांधायची, रुमालाची गाठ दातांनी आवळायची आणि पुरचुंडी कनवटीला खोचायची. एसटीत मला डुलकी लागली की कोपरानं ढोसायची, "झोपू नकोस, अंगावर जोखीम आहे." जोखीम म्हणजे भीती आणि जोखीम म्हणजे ती पुरचुंडीही. सांभाळायची वस्तू आणि ती हरवायची धास्ती, दोन्हींना एकच शब्द. त्यातले निम्मे दागिने तिचे नव्हतेच. जावेनं विश्वासानं दिलेले. रात्रभराच्या प्रवासात तिचा डावा हात कमरेवरून ढळला नाही. इंग्रजी शब्द खेळणाऱ्याच्या बाजूनं बघतो, आजीचा शब्द सांभाळणाऱ्याच्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला द्यायचा अर्ज मराठीत लिहिला. दोन महिन्यांची मुदत मागितली आणि पुढे लिहिलं, की या मुलाचं वर्ष ही आईची आणि शाळेची, दोघांचीही जोखीम आहे. मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "हां. हे बरोबर आहे." मग हात धुतले, पदराला कोरडे केले आणि ओट्यावर कागद ठेवून एकेक अक्षर लावत सही केली.