स्क्रीनच्या बाहेरचं

संध्याकाळची मंडई. भाजीवालीच्या एका हातात तागडी, दुसऱ्यात मेथीची जुडी, समोर चार गिऱ्हाइकं, आणि हात ओले. ‘पैसे पाठवलेत, बघा,’ असं कुणी म्हटलं तर ती हात कधी पुसणार, फोन कधी बघणार? जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही असतात. साउंडबॉक्सनं स्क्रीनच बाजूला ठेवली. रक्कम मोठ्यानं, मराठीत. ती ऐकते, गिऱ्हाईक ऐकतं, शेजारच्या गाळ्यावरही ऐकू जातं, आणि तिला तेच हवं असतं. एटीएममधून पैसे काढताना यंत्रानं असाच रकमेचा पुकारा केला तर आपण घाबरून मागे बघू.

*

स्ट्रासबूर्गच्या विमान अपघाताबद्दल पुन्हा वाचलं. २० जानेवारी १९९२, एअर इंटरचं ए-३२०, ल्यों ते स्ट्रासबूर्ग. रात्र झालेली, उतरण्याचा बेत ऐनवेळी बदललेला, दोघेही वैमानिक कामात बुडालेले. त्या विमानात उतरण्याचा कोन आणि खाली येण्याचा वेग हे दोन्ही आकडे कॉकपिटमधल्या एकाच छोट्या खिडकीत दिसत. कोणता आकडा दिसतोय ते मोडवर ठरायचं, आणि मोडचं बटण वेगळं. कोनाच्या मोडमध्ये ‘-३.३’ म्हणजे ३.३ अंश. वेगाच्या मोडमध्ये ‘-३३’ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट, हव्या असलेल्या वेगाच्या जवळजवळ चौपट. विमान सँत-ओदील डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ माणसं गेली. नेमकं काय झालं हे पुराव्यानं पूर्ण सिद्ध झालं नाही, पण हा मोडचा घोटाळा चौकशीत फार गांभीर्यानं मांडला गेला. पुढे एअरबसनं वेग चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली, म्हणजे ३३ च्या जागी ३३००.

दिवसा, टेबलाशी बसून त्या खिडकीचं चित्र पाहणाऱ्याला दोन्ही आकड्यांतला फरक स्पष्ट दिसला असेल. दशांशचिन्ह आहे की, मोडचं नावही लिहिलंय. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द मला अशा वेळी सहन होत नाहीत. अंधार, घाई आणि बदललेला बेत यांसकटच ती खिडकी तपासायला हवी होती.

*

लूसी सचमन यांचं १९८७ चं पुस्तक अजून जुनं वाटत नाही. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत त्यांनी माणसांना जोडीजोडीनं एका कॉपी-मशीनसमोर उभं केलं. मशीन पायरीपायरीनं सूचना देई. माणसं आपसात बोलत, अडखळत, हसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मशीनपर्यंत यातलं फक्त दाबलेलं बटण आणि उघडलेलं झाकण पोचे.

*

युपीआयच्या पिनची चौकट. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला ‘खरेदीदारा’चा फोन येतो: ‘रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका, पैसे जमा होतील.’ स्क्रीनवर रक्कम असते, नाव असतं, सगळं खरं असतं. पण हा माणूस पैसे येण्याची वाट बघतोय. त्याच्या मनात ती चौकट पैसे येण्याचीच आहे. तो पिन टाकतो आणि पैसे जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँका वर्षानुवर्षं सांगत होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीनं व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं. सावधगिरीच्या जाहिराती वाचणारा माणूस आणि सोफा विकण्याच्या गडबडीतला माणूस एकच असला, तरी त्या क्षणी त्याला जाहिरात आठवत नाही.

*

उलटी बाजूही टिपून ठेवतो: यंत्र स्वतःच माणसाशी जुळवून घ्यायला गेलं तर काय होतं ती. ऑफिस २००० मध्ये मेनू तुमच्या वापरानुसार बदलायचा: कमी वापरलेल्या आज्ञा लपायच्या, नेहमीच्या तेवढ्या दिसायच्या. हेतू चांगला होता. पण हाताला जागा पाठ असते. काल तिसरी असलेली ओळ आज दुसरी झाली की बोट थबकतं. २००७ च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधून ते मेनूच गेले.

*

एसटीत कंडक्टर एकच विचारतो: ‘कुठं?’ बाकीचं त्याला दिसतं. बाई असेल तर मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आजोबा वयस्कर दिसले तर कार्ड मागायचं, पंचाहत्तरी ओलांडली असेल तर प्रवास मोफत. मांडीवरचं पोर पाच वर्षांखालचं आहे का, ते आईच्या चेहऱ्यावरूनही कळतं. कंबर सीटच्या दांड्याला टेकवलेली, एका हातात मशीन, बोटांच्या बेचक्यात नोटा, डोळे प्रवाशांवर. त्याच्या मशीनची स्क्रीन आखणाऱ्यानं आधी एक दिवस त्याच्यामागे उभं राहून प्रवास करावा. तोही आठवडी बाजाराच्या दिवशी, घाटातल्या गाडीनं.