गाडी मोठी, पायरी लहान

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती प्रवासाच्या दिवशी सकाळपासून किती पाणी पिते, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? मी दिले नव्हते. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, आज ८३ वर्षांचे आहेत. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे त्यांना वरचेवर लघवीला जावे लागते. प्रवास ठरला की ते आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतात, हे मला फार उशिरा कळले. गाडी विकत घेण्याच्या निमित्ताने कळले, म्हणून ती हकीकत आपल्याला सांगते.

आम्ही पेणला राहतो. आमचे मूळ घर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठच्या एका गावात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते आणि पोलीस तिला मानवंदना देतात. ती पालखी चुकवायची नाही, हा अण्णांचा आयुष्यभराचा नेम. मात्र गावच्या घरातील शौचालय परसाच्या टोकाला आहे. तीन वर्षांपूर्वी भर पावसात, रात्रीच्या वेळी अण्णा त्या वाटेवर घसरून पडले. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. घर चार भावांच्या नावावर असल्याने आत शौचालय बांधण्यावर एकमत होईना. पेण ते रोहे हे अंतर पन्नास किलोमीटरदेखील नाही. तेवढे अंतर अण्णांसाठी परदेशाइतके लांब झाले.

यावर आमच्या मुलाने तोडगा काढला. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरच्या घराचे वेड त्याच्या डोक्यात होतेच. त्याने एका कारागिराकडून मोटारीमागे जोडून ओढण्याचा दोन चाकी छोटा कॅम्पर बांधून घेतला. आत दोन पलंग, ओटा, भिंतीला धरायच्या दांड्या आणि खुर्चीच्या उंचीचे शौचपात्र. गावच्या अंगणात तो उभा केला की अण्णांना रात्री चार पावलांवर सोय! ‘कॅम्पर’ हा शब्द ऐकून अण्णांना प्रथम लग्नकार्यातील गार पाण्याचा कॅम्पर आठवला. वस्तू पाहिल्यावर मात्र ते हसले आणि दांडी धरून दोनदा उठून बसले.

पहिली फेरी आमच्या जुन्या मोटारीने केली. वडखळ, नागोठणे येथवर ठीक चालले. सुकेळी खिंडीचा चढ लागताच क्लचचा जळका वास येऊ लागला. ‘दोन मिनिटे थांबू या का?’ असे मी विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, “माझ्यापायी थांबवू नका. एकदा थांबली तर ही पुन्हा ओढायची नाही.” कोलाडला उतरताना त्यांना भोवळ आली. ओठ कोरडे पडले होते. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “आजोबा, सकाळपासून पाणी किती प्यालात?” अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. ज्यांच्यासाठी शौचालय मागे बांधून आणले होते, ते गाडीच्या अशक्तपणाची काळजी करीत तहानलेले बसून होते.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही कमी होते. त्यात कोणी मुद्दाम पाणी तोडले तर भोवळ, गोंधळलेपणा, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पडणे ही संकटे एकामागून एक येऊ शकतात. डॉक्टरांनी आम्हाला हे समजावले आणि आम्ही घरी परतलो. मोठी गाडी घ्यायची, हे त्याच रात्री ठरले.

पुढचे दोन महिने आमच्या घरात वजनांखेरीज दुसरा विषय नव्हता. पिकअप निवडताना केवळ इंजिनाची ताकद पाहून भागत नाही, हे मी तेव्हा शिकले. उत्पादकाने ती गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवून दिलेले असते; ती मर्यादा पहिली. दुसरी मर्यादा गाडीने स्वतःच्या पाठीवर वाहायच्या वजनाची. तिच्यात माणसे आणि सामान तर येतेच, शिवाय कॅम्परच्या जोडदांडीचा गाडीच्या मागच्या टोकावर पडणारा भारही येतो. हा भार कॅम्परच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असावा. तो फार कमी झाला तर कॅम्पर मागे शेपटीसारखा हेलकावू लागतो. फार जास्त झाला तर गाडीचे पुढचे टोक हलके होऊन सुकाणू सैल पडते. तिसरी गोष्ट ब्रेकची. चढ चढण्यापेक्षा उतार उतरणे अवघड असते. जड कॅम्परला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरायला हवे. कॅम्परची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना यांविषयी परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. आमच्या एमएच ०६ चे कार्यालय पेणलाच असल्याने आम्हाला ते सोपे गेले.

आम्ही सामानसुमानासह कॅम्पर वजनकाट्यावर नेला. काटा १,४२० किलोवर थांबला. मुलाने कागदावर आकडे मांडले आणि सर्वांत मोठी, चार दारांची, उंच चाकांची पिकअप पक्की केली. “ही घेतली की खिंडीत कुठेही थांबा, कुठूनही निघा,” तो म्हणाला. आम्ही अण्णांना घेऊन ती पाहायला गेलो.

वाचकहो, तो प्रसंग मी विसरू शकत नाही. गाडी देखणी होती. विक्रेत्याने अदबीने दार उघडले. अण्णांनी दाराच्या कडेला हात लावला, डावा पाय उचलला, पावठीपर्यंत नेला आणि पुन्हा खाली ठेवला. उजव्या पायाने प्रयत्न केला. मुलाने काखेत हात घालताच त्यांनी तो हळूच बाजूला सारला. मग शर्टाची बाही नीट करीत ते म्हणाले, “गाडी उत्तम आहे. तुम्ही घ्या. मी घरीच बरा.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. कॅम्परचे वजन, जोडदांडीचा भार, चढाची ताकद हे सारे आम्ही मोजले होते. ज्या माणसासाठी हा खटाटोप चालला होता, त्याचा गुडघा किती वर उचलतो, हे कोणीच मोजले नव्हते.

घरी आल्यावर मी शिवणाची मोजपट्टी काढली. अण्णा ज्या खुर्चीतून विनासायास उठतात, तिची बैठक १८ इंच उंच होती. त्या पिकअपची बैठक जमिनीपासून ३६ इंच भरली होती. आमची जुनी मोटार मात्र इतकी खोलगट की तिच्यातून उठताना त्यांना दोघांचे हात लागत. वृद्धांना फार उंच गाडी जशी नको, तशीच फार बुटकीही नको. बाहेर उभे राहिल्यावर बैठक साधारण आपल्या कुल्ल्याच्या थोडी खाली यावी. म्हणजे आधी पाठमोरे बसता येते आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेता येतात. एका पायावर तोल सांभाळत चढण्याची वेळच येत नाही.

मध्यम उंचीची, थोड्या कमी ताकदीची एक पिकअप होती. तिला १,४२० किलो झेपणारे नव्हते. तेव्हा माझे यजमान म्हणाले, “गाडी मोठी करण्याऐवजी ओझे लहान केले तर?” इतके सोपे बोलणे दोन महिन्यांत कोणाला सुचले नव्हते. आम्ही कॅम्पर पुन्हा उघडला. पाण्याची टाकी १२० लिटरची, म्हणजे भरल्यावर १२० किलो. गावी विहीर आहे, मग पाणी पेणहून कशाला न्यायचे? वाटेपुरता एक कॅन पुरे. भरल्यावर ३० किलोच्या आसपास जाणारे घरगुती सिलिंडर काढून ५ किलोचे लहान ठेवले. सागवानी कपाट, वातानुकूलन यंत्र आणि त्याची जड बॅटरी उतरवली. पुन्हा काटा केला तेव्हा वजन १,१२० किलो भरले. मध्यम पिकअपला ते सहज झेपणारे होते.

या वेळी करारावर सही करण्यापूर्वी अण्णांना नेले. त्यांनी स्वतः पाच वेळा चढून-उतरून पाहिले. एक रुंद, न घसरणारी पायरी आणि दारालगत एक भक्कम दांडी त्यांनीच सुचवली. ती बसवल्यानंतरच त्यांनी मान हलवली.

आपण कॅम्पर घेणार नसाल, साधी मोटार घेणार असाल किंवा भाड्याने गाडी ठरवणार असाल, तरी काही गोष्टी उपयोगी पडतील. ज्येष्ठ व्यक्तीला प्रत्यक्ष नेऊन तिच्या रोजच्या चपलांसह बसवून पाहावे. चढणे आणि उतरणे दोन्ही पाहावे, कारण अनेकांना उतरणेच जड जाते. दर तासा-दीड तासाने थांबावे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावेत. गाडी थांबल्यावर लगेच उभे राहू नये, पाय बाहेर काढून मिनिटभर बसावे आणि मग उठावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ प्रवासासाठी बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच बदलावी. चालत्या कॅम्परमध्ये कोणालाही बसवू वा निजवू नये. उभ्या कॅम्परमध्येही खिडकी बंद करून शेगडी पेटती ठेवू नये. कोंडलेल्या जागेतील विषारी वायूला वास नसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबण्याची सोय आहे, एवढे पुरेसे नाही. ‘मी थांबायला सांगितले तर कोणाला त्रास होणार नाही,’ असा विश्वास त्या व्यक्तीला वाटला पाहिजे. अण्णांच्या मागे शौचालय पहिल्या फेरीतही होते; त्यांना नव्हता तो हा विश्वास.

गेल्या दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही पेणहून निघालो. मुलगा सावकाश चालवत होता. मी मुद्दामच काही विचारले नाही. नागोठणे मागे पडले, खिंड जवळ येऊ लागली आणि अण्णांनी मागे वळून माझ्यापुढे हात केला.

“सूनबाई, पाण्याची बाटली द्या जरा.”

अर्धी बाटली पिऊन झाल्यावर त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, “चढ संपला की कडेला घे रे. मला उतरायचे आहे.”