चौथा कागद

पहिले तीन कागद मी मागितले ते बरोबरच होतं, असं मी आजही म्हणेन. ओळखपत्राची प्रत, पगाराच्या शेवटच्या दोन पावत्या आणि क्रेडिट रिपोर्ट. अमेरिकेत घर भाड्याने देणारा कुणीही एवढं मागतो. चौथा कागद मात्र मी मागायला नको होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तो कागद अधूनमधून डोळ्यांसमोर येतो आणि हातातलं काम थांबतं.

आमची बाकीची कहाणी सगळ्यांसारखीच. २००६ मध्ये नवऱ्याच्या एच-वनवर अटलांटाला आलो. मग माझी नोकरी, दोन मुलं, ग्रीन कार्डाची रांग. २०१२ मध्ये भाव पडलेले असताना ग्विनेट काउंटीत एक टाउनहाऊस घेतलं, आणि २०१८ मध्ये मुलांच्या शाळेसाठी मोठ्या घरात गेलो. जुनं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं ठरलं. एजंट नको, आपणच बघू म्हणून मी जाहिरात टाकली.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती घर बघायला आली. नर्स होती, काळी, माझ्याच वयाची, सोबत एक मुलगा आणि एक लहान मुलगी. मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर गेली आणि वरून ओरडली, तेरा! मग खात्री करायला पुन्हा मोजत खाली आली. आईने स्वयंपाकघरातले नळ पूर्ण सोडून पाण्याचा जोर बघितला, एसीच्या फिल्टरचं माप विचारलं, शाळेची बस कुठे थांबते ते विचारलं. बाथरूमच्या कोपऱ्यात ओल धरली होती तिथे तिने बोट लावून बघितलं आणि कधीपासूनची आहे ते विचारलं. असा भाडेकरू कुठल्याही मालकाला हवा असतो. पगार भाड्याच्या सव्वातीनपट, क्रेडिट सातशेच्या वर. त्याच रात्री तिचा अर्ज आला, तिन्ही कागद जोडलेले.

रविवारी सकाळी मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचं नाव लिहायचं कारण नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात त्यांनी तीन आठवडे रोज डबा पाठवला होता, मेथीचे लाडू करून आणले होते, एवढं सांगणं मात्र मला भाग आहे. बोलता बोलता घराचा विषय निघाला. कोण आलं होतं ते मी सांगितलं, तशा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, तुला बहिणीसारखी मानते म्हणून सांगते. त्यांना देऊ नकोस. घराची वाट लागते, भाडं थकतं, आणि एकदा घुसले की निघत नाहीत." आपल्या लोकांत त्यांच्यासाठी जो शब्द चालतो तो त्यांनी वापरला. तो मी इथे लिहिणार नाही.

मी वाद घातला नाही. "हो, बघते," म्हणाले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दोन दिवस थांबू, घाई काय आहे?" त्याच दुपारी मंडळाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी ओळखीचं हैदराबादचं जोडपं घर शोधत असल्याचा निरोप आला. महिन्यापूर्वीच आलेले, दोघंही आयटीत, अमेरिकेतलं क्रेडिट शून्य.

सोमवारी मी त्या बाईला मेल केली. नोकरी कायमस्वरूपी आहे असं हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून आणाल का, असं विचारलं. असं पत्र आधी मी कुणाकडे मागितलं नव्हतं, नंतरही नाही. ते मागताना ती आणणार नाही अशी मला आशा होती. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, पण ते खरं आहे. तिने स्वतःहून माघार घ्यावी, म्हणजे मला नकार द्यावा लागणार नाही.

तिने मंगळवारी दुपारी पत्र पाठवलं. रात्रपाळी संपवून, ऑफिस उघडेपर्यंत थांबून आणलं असणार, कारण फोटो हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून काढलेला होता. पत्र स्टिअरिंगवर टेकवलेलं आणि फोटोच्या कडेला तिचा अंगठा आलेला. नख अगदी बारीक कापलेलं, नर्सेसचं असतं तसं. अंगठ्याजवळची कातडी वारंवार हात धुऊन कोरडी पडलेली. एवढं सगळं मी बघितलं, आणि तरी तिला उत्तर दिलं नाही.

बुधवारी तिचा फोन आला. आवाज शांत होता. तिने एकच प्रश्न विचारला: मी आणखी काय सिद्ध करून दाखवायचं बाकी आहे? मी म्हणाले, "नाही नाही, काही नाही, संध्याकाळपर्यंत कळवते." संध्याकाळी मेसेज केला की दुसऱ्या एका अर्जदाराला घर दिलं आहे, तुम्हाला शुभेच्छा. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं: कळवल्याबद्दल आभार. बास, तेवढंच.

हैदराबादच्या जोडप्याला घर दिलं. त्यांच्याकडे क्रेडिट रिपोर्टच नव्हता, त्यामुळे तिसरा कागदसुद्धा त्यांना लागला नाही. माणसं चांगली होती, तक्रार काही नाही. पण तिच्याकडे चार आणि त्यांच्याकडे दोन, हा हिशेब माझ्या हातचा आहे.

आता मी कुठल्या घरातली ते सांगते. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. २००० साली मी इंजिनिअरिंगला पुण्याला आले आणि दुसऱ्या वर्षी हॉस्टेल मिळालं नाही म्हणून खोली शोधत फिरले. एका वाड्यात बाहेर पाटी होती, मुलींसाठी खोली भाड्याने. आजी प्रेमळ होत्या. उन्हातून आलीस म्हणून पाणी दिलं, गूळ दिला, कुठल्या कॉलेजात, किती टक्के, सगळं कौतुकाने विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आजी जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, आत्ताच आठवलं, माझा भाचा येणार आहे राहायला." कॉलेजला जायचा रस्ता तोच होता. पुढे तीन आठवडे ती पाटी तिथेच होती आणि मी रोज ती वाचत जात होते. शेवटी अण्णांच्या ओळखीच्या एका पोस्टमनकाकांनी त्यांच्या घरातली अर्धी खोली दिली.

भाच्याची थाप आणि दुसऱ्या अर्जदाराची थाप यांत मला तरी फरक सापडत नाही. आजींनी निदान मला पत्र आणायला पाठवलं नव्हतं.

ज्याने सोसलंय तो दुसऱ्याला तसं वागवणार नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले, मानत आले. तसं होत नाही. सोसलेल्या माणसालाही वरच्या पायरीवर जागा मिळाली की ती सोडवत नाही. ही पायरी कुणी दिली याचा विचार आपण करत नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशांनुसार ठरलेले जुने कोटे काढले आणि आपल्यासारख्यांना दार उघडलं. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि त्यासाठी रस्त्यावर मार खाल्ला होता तो काळ्या लोकांनी. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा आपण उच्च जातीचे आर्य आहोत म्हणून गोरे धरावं असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला होता. कोर्टाने तो फेटाळला. शंभर वर्षांनंतरही आमच्या पार्ट्यांमध्ये बसून ऐकलं तर तोच युक्तिवाद चालू असतो, फक्त शब्द बदललेत: आम्ही कष्टाळू, आम्ही शिकलेले, आमची मुलं गणितात पुढे.

अण्णा २०१९ च्या उन्हाळ्यात इथे आले. त्यांना डिस्नी नको होतं, मार्टिन ल्यूथर किंग यांची समाधी बघायची होती. ऑबर्न अव्हेन्यूवर गेलो. पाण्याच्या मधोमध पांढरी संगमरवरी समाधी, शेजारी कोरेटा किंग. जवळच चर्च, आणि थोड्या अंतरावर त्यांचं जन्मघर. अण्णा चप्पल काढून उभे राहिले. मग रस्त्याच्या कडेला बाकावर बसून त्यांनी माझ्या मुलांना 'गुलामगिरी'ची गोष्ट सांगितली. जोतीरावांनी १८७३ मध्ये ते पुस्तक छापलं तेव्हा अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यातल्या माणसाला इथल्या गुलामांची सुटका आपली वाटली, हे सांगताना अण्णांचा आवाज जड झाला होता. मुलं ऐकत होती. मी गाडीची किल्ली हातात फिरवत उभी होते.

परत येताना त्यांनी मागच्या सीटवरून विचारलं, "या लोकांपैकी कुणी येतं का गं माय, तुझ्या घरी जेवायला?"

मी म्हटलं, "ऑफिसात आहेत ना अण्णा, ओळखीचे आहेत."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. टाउनहाऊसची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. २०२१ मध्ये अण्णा गेले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

नंतर मी वाचत बसले. किंग यांचा खून ४ एप्रिल १९६८ ला झाला आणि त्यानंतर सातव्या दिवशी, ११ एप्रिलला, घर देताना वंशावरून भेद करायला बंदी करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. म्हणजे पन्नास वर्षं पुरी होत होती त्याच महिन्यात, त्यांच्याच गावाजवळ, मी ते पत्र मागत होते. त्याआधी १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या होत्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं होतं. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात, ते इथे रंगवून ठेवलं होतं. आणि 'एकदा घुसले की निघत नाहीत' हे जे ताई म्हणाल्या, तेही जॉर्जियात खरं नाही. इथला कायदा मालकाकडे झुकलेला आहे. भाडं थकल्यावर मालक कोर्टात गेला की भाडेकरूला उत्तर द्यायला सात दिवस मिळतात. ज्या भीतीवर मी तिला नाकारलं ती भीती खोटी होती, आणि खरी की खोटी हे तपासायला दहा मिनिटं पुरली असती.

भीती काहीच नव्हती असं मात्र म्हणणार नाही. दोन घरांचे हप्ते होते, नवऱ्याची कंपनी माणसं कमी करत होती. ज्यांनी दोन कर्जं एकदम डोक्यावर घेतली आहेत त्यांना हे कळेल. पण मग क्रेडिट शून्य असलेल्यांना मी घर दिलंच कसं? इथे येऊन दरवेळी मी अडकते.

२०२३ मध्ये सिॲटलने जातिभेदावर बंदी आणली, कॅलिफोर्नियाचं विधेयक मंजूर झालं आणि राज्यपालांनी नाकारलं. आमच्या मंडळात चर्चा झाली. "इथे कुठे आहे जात?" असं तीन-चार जण म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी उभी राहिले आणि माझं आडनाव, माझं गाव, पुण्यातली पाटी, सगळं सांगितलं. हॉलमध्ये शांतता झाली. नंतर ताई जवळ आल्या, हात धरून म्हणाल्या, "तू कधी बोलली नाहीस गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. आजही त्यांच्याकडे जेवायला जाते. त्या दिवशी मी पाटीची गोष्ट सांगितली आणि पत्राची गिळली. टाळ्या मिळाल्या त्या अर्ध्या गोष्टीला.

आता घर रिकामं झालं की मी जाहिरातीतच कागदांची यादी देते. सगळ्यांना सारखी, आणि पहिला पूर्ण अर्ज ज्याचा त्याला घर. परदेशात घर भाड्याने देणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींना मी कळकळीने सांगते: अर्ज यायच्या आधी यादी कागदावर लिहा, आणि माणूस बघून तिच्यात एक ओळही वाढवू नका. फोनवर सल्ला देणाऱ्याला विचारा, तुम्ही स्वतः कुणाला घर दिलं होतं, काय झालं? ताईंना मी ते विचारलं नव्हतं. त्यांनी कधीच कुणाला घर भाड्याने दिलेलं नाही.

आणि त्या बाईबद्दल. पगार, क्रेडिट, हप्ते, नवऱ्याची कंपनी, हे सगळं मी वर लिहिलं, ते खोडत नाही. पण ती काळी होती म्हणून मी तिला घर नाकारलं. दुसरं कारण नव्हतं.