बँकॉकच्या गर्दीत एक वाटाडी

परदेश म्हटला की आपल्या घरात आधी पैशाचा हिशेब होतो, आणि तो व्हायलाच हवा. रेल्वेत, पालिकेत, कारखान्यात राबून जमवलेला पैसा हा काही वाऱ्यावर उधळायचा नसतो. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही तीर्थे आपली बरीच मंडळी पाहून आली आहेत. पण जिथे घरटी बुद्ध आहे, जिथे सकाळी रस्त्यावर भिक्खू दिसतात, असे एखादे आजचे चालते-बोलते शहर कसे असते, ही उत्सुकता आम्हाला बरीच वर्षे होती. तीन कुटुंबांनी भिशी लावली आणि आम्ही सहा जण बँकॉकला जाऊन आलो. आमच्यासारख्या बेताच्या घरातल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे चार शब्द.

वाटाडी कशासाठी?

चाळीस माणसांच्या बसमध्ये बसून फिरणे स्वस्त पडते. पण बस थांबते तिथेच आपण उतरायचे, आणि ती निम्मा वेळ दुकानांपुढेच उभी असते. आम्ही दोन दिवसांसाठी स्वतंत्र वाटाडी ठरवली आणि तिचा मेहनताना सहा जणांत वाटून घेतला. थायलंडमध्ये गाइडचे काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेले आहे आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. परवान्याचे कार्ड गळ्यात असते. पैसे ठरवण्याआधी ते पाहून घ्यावे.

आमची वाटाडी चाळिशीची बाई होती. तिचे इंग्रजी आमच्या इंग्रजीइतकेच साधे, म्हणून दोघांनाही सोपे गेले. थाई लोक मोठ्या भावाला आणि मोठ्या बहिणीला एकाच शब्दाने हाक मारतात, 'पी'. आम्ही तिला 'ताई' म्हणू लागलो. शब्दाचा अर्थ कळल्यावर तिला तो फार आवडला आणि दोन दिवस ती आमची ताईच झाली.

तिचा पहिला उपयोग राजवाड्याच्या रस्त्यावरच झाला. नीटनेटक्या कपड्यातला एक माणूस जवळ आला आणि म्हणाला, "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो." ताईने त्याला थाईत दोन शब्द सुनावले, तो मुकाट्याने निघून गेला. ही तिथली जुनी युक्ती आहे. बंद असल्याचे सांगून तीनचाकी टुकटुकमध्ये बसवायचे आणि शिंप्याच्या किंवा खड्यांच्या दुकानात नेऊन सोडायचे. एकटे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि थेट दारापर्यंत जाऊन पाहावे.

नदी, होड्या आणि 'वाट'

थायलंडचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. साल मात्र आपल्या ओळखीचे. दुकानाच्या पावतीवर, कॅलेंडरवर बुद्धवर्ष छापलेले असते, 2025 साल तिथे 2568 होते. त्यांची मोजणी आपल्यापेक्षा एका वर्षाने मागे आहे. म्हणून भारतात 2500 वी बुद्धजयंती 1956 मध्ये झाली आणि थायलंडमध्ये 1957 मध्ये.

शहराच्या मधून चाओ फ्राया नदी वाहते. तिच्यावर लोकलसारख्या होड्या धावतात. नारिंगी झेंड्याच्या होडीत कामावर जाणारी माणसे, शाळेची पोरे आणि एखाद-दुसरा भिक्खू उभ्याने जातात. भिक्खूंसाठी जागा राखलेली असते. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तू थेट हातात देऊ नये, असा तिथला रिवाज आहे. तिकीट काढणारी बाई हातातली पत्र्याची नळी खुळखुळवत येते. सोळा बाटात आमचा प्रवास झाला. एक बाट म्हणजे तेव्हा साधारण अडीच-पावणेतीन रुपये होते.

विहाराला थाईत 'वाट' म्हणतात. आपल्या भाषेत वाट म्हणजे रस्ता. वाट फो, वाट अरुण, वाट ट्राइमिट अशा पाट्या वाचताना आम्हाला सारखे हसू यायचे. ताईला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग तुमचा शब्द जास्त बरोबर आहे."

मोकळ्या भिंती

वाट फोचे अधिकृत नाव लांबलचक आहे, त्यातला 'चेतुफोन' हा शब्द म्हणजे आपले जेतवन. अनाथपिंडिकाने तथागतांना दिलेल्या विहाराचे नाव हजारो मैल दूर येऊन असे वेगळ्या उच्चारात भेटते. इथली निद्रिस्त बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 मंगलचिन्हे आहेत. मूर्तीमागे 108 वाडगी ओळीने मांडलेली आहेत. लोक त्यांत एकेक नाणे टाकत जातात आणि साऱ्या दालनात त्याचा किणकिणाट चालू असतो.

बहुतेक प्रवासी मूर्ती पाहून बाहेर पडतात. ताई मात्र आम्हाला बाहेरच्या मंडपांच्या भिंतींकडे घेऊन गेली. तिथे संगमरवराच्या पाट्यांवर लेख कोरलेले आहेत. तिसऱ्या राम राजाने 1831 ते 1841 या दहा वर्षांत चौदाशेहून अधिक लेख इथे कोरून घेतले. त्यांत औषधे आहेत, मालिशीच्या नसा दाखवणाऱ्या आकृत्या आहेत, इतिहास, काव्य, नीतिवचने आहेत. 2011 मध्ये युनेस्कोने या लेखांची नोंद जागतिक स्मृती म्हणून केली. दवा माहीत असलेल्या वैद्याने ती दडवून ठेवायची नाही. ती दगडावर कोरायची, म्हणजे येणारा-जाणारा वाचील, असा हा कारभार. थाई मालिश करणारे लोक भगवंतांच्या काळच्या जीवक वैद्याला आपला आद्यगुरू मानतात, हेही तिथेच कळले.

वाचक बंधू-भगिनींनो, आमची पावले त्या भिंतींपाशी थबकली. ज्या 1831 सालापासून हे दगड कोरले गेले, त्याच 1831 मध्ये इकडे नायगावला सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्या वेळी आपल्याकडे कोणी वाचायचे आणि कोणी वाचायचे नाही हे जन्मावरून ठरत होते. आम्ही ताईला हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एक खरी गोष्ट सांगितली. "हे लेख सगळ्यांसाठी होते, पण अक्षरे विहारातल्या शाळेत शिकवत, आणि तिथे मुलगे जात. माझ्या पणजीला ही भिंत वाचता आली नसती." आपल्या देशाची बढाई न मारता बोलणारी ही बाई त्या क्षणापासून आम्हाला जवळची वाटू लागली.

सोने आणि चुना

चिनी वस्तीत यावरात रस्त्याच्या टोकाला वाट ट्राइमिट आहे. इथली साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती कितीतरी वर्षे चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. तिला कोणी साधी चुन्याची मूर्तीच समजत होते. 1955 मध्ये ती हलवताना दोर तुटले, मूर्ती खाली आली, लेप फुटला आणि आतले सोने दिसले. आमच्यातल्या एक आजी हात जोडून एवढेच म्हणाल्या, "दुसऱ्याच वर्षी आपलाही लेप फुटला की." 1956 ची नागपूरची दीक्षाभूमी तिथे कोणाच्या डोळ्यांपुढे आली नसेल!

जे पटले नाही ते

सगळेच गोड लिहिले तर ते खरे होणार नाही. राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाला आम्ही वंदन केले. मूर्ती 66 सेंटिमीटर उंच आणि हिरव्या जेड दगडाची आहे, ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजा तिची वस्त्रे बदलतो. पण त्याच विहाराभोवतीच्या ओवऱ्यांत 178 चित्रांतून थाई रामायण रंगवलेले आहे. दर इमारतीपुढे खांबावर भूतदेवतेचे लहानसे घर असते आणि त्यापुढे लाल फँटाची बाटली ठेवलेली असते. शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकात, एका हॉटेलच्या कोपऱ्यावर, चतुर्मुख ब्रह्मदेवाचे एरावन देवस्थान आहे. नवस फेडायला तिथे रीघ लागते. हे देवस्थान केव्हाचे, असे विचारले तर ताई म्हणाली, "1956 चे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्या साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमधून आपल्याला ब्रह्मा-विष्णू-महेशांपासून मोकळे केले, त्याच साली एका बौद्ध शहरात ब्रह्मदेव बसवला गेला. बौद्ध देशात जन्मलेल्याला धम्म वारशात मिळतो आणि त्याबरोबर इतर पुष्कळ गोष्टीही मिळतात. आपण तो पारखून घेतला. त्यांना नावे ठेवण्याचा आपला अधिकार नाही, परंतु आपली पारख तिथे गहाण टाकून येण्याचेही कारण नाही. बायकांना भिक्खुणी संघाची दीक्षा तिथला संघ अजून मान्य करीत नाही. थाई महिलांना त्यासाठी श्रीलंकेत जावे लागले. ताई स्वतः विहारात रोज दान देते, पण हे सांगताना तिचा आवाज खाली गेला होता.

ख्लोंग तोईची शाळा

दुसऱ्या दिवशी ताईने विचारले, "दुकाने पाहायची की माणसे?" आम्ही एका आवाजात माणसे म्हटले. ती आम्हाला ख्लोंग तोईला घेऊन गेली. बंदराच्या जागेवर वसलेली ही बँकॉकची सर्वांत मोठी झोपडपट्टी. पत्र्याची घरे, अरुंद बोळ, दारात चुली, भिंतीवर बुद्धाचे आणि राजाचे चित्र. आम्हाला काही नवे वाटले नाही. आपलीच वस्ती, भाषा तेवढी वेगळी.

या वस्तीत प्रतीप उंगसोंगथाम नावाची मुलगी वाढली. लहानपणी तिने बंदरातल्या जहाजांचा गंज खरवडण्याचे काम केले. त्या पैशातून ती रात्रीच्या शाळेत शिकली. 1968 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने आपल्याच घरी वस्तीतल्या मुलांची शाळा सुरू केली. फी दिवसाला एक बाट. वस्ती हटवण्याचा घाट घातला गेला तेव्हा ती लोकांबरोबर उभी राहिली. 1978 मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यातून 'दुआंग प्रतीप' ही संस्था उभी राहिली. 2000 साली ती सिनेटवर निवडून आली. प्रतीप म्हणजे आपला प्रदीप, दिवा. स्वतःचा दिवा स्वतः होणे याचा अर्थ आम्हाला त्या बोळात नीट कळला.

त्याच दिवशी बेंचासिरी उद्यानात जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे मुख्यालय बाहेरून पाहिले. ही संस्था 1950 मध्ये श्रीलंकेत स्थापन झाली, त्या परिषदेला बाबासाहेब हजर होते. पुढे 1954 मध्ये रंगूनच्या आणि 1956 मध्ये काठमांडूच्या परिषदेलाही ते गेले. ताईला हे नाव माहीत नव्हते. आम्ही दीक्षाभूमीचा फोटो दाखवला. एका दिवसात लाखो माणसांनी धम्म स्वीकारला हे ऐकून ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. "राजाने सांगितले म्हणून?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "राजा नव्हता. शिकलेला एक माणूस होता, आमच्यातलाच."

जाणाऱ्यांसाठी

विहारात आणि राजवाड्यात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. पादत्राणे बाहेर काढावीत. बसताना तळपाय बुद्धाकडे करू नयेत. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांवर राष्ट्रगीत लागते, तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहावे. राजघराण्याविषयी टीका-चेष्टा करू नये, कायदा कडक आहे. बुद्धमूर्ती देशाबाहेर आणायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो, तेव्हा घाईने खरेदी करू नये. मांस न खाणाऱ्यांनी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांचे 'जे' असे चिन्ह असलेली खानावळ शोधावी. बाकीच्यांनी भाताबरोबर 'नाम प्रिक' मागावा. आपल्या ठेच्याचा भाऊच तो.

आणि एक विनंती. गावोगावच्या आपल्या विहारांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे संगमरवरात आहेत. ती असावीत, त्या दात्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिले आहे. पण त्यांच्या शेजारी एक भिंत मोकळी ठेवता येईल. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे करायचा, जातीच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, रक्त कमी असलेल्या बाईने काय खावे, सर्पदंश झाला तर कुठल्या दवाखान्यात न्यायचे, हे तिथे मोठ्या अक्षरांत लिहावे. वाट फोला त्यासाठी राजा लागला. आपल्याला रंगाचा एक डबा आणि मंडळाची एक रविवारची बैठक पुरे आहे.