बरं असतानाचा दवाखाना

आमच्या आटपाडीच्या मुलखात माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं अंगावर आल्यावर. मी मात्र काही दुखत नसताना मिरजेला जातो, याचं गावाला नवल वाटतं.

मला २०११ साली रक्त आणि आव पडायला लागली. दिवसाला दहा-दहा वेळा परसाकडं. डाळिंबाला पाणी सोडायला गेलो की बांधावरनंच माघारी. भावकीनं मूळव्याध ठरवून टाकली होती. मिरजेत दुर्बीण घातली तेव्हा कळलं, सगळ्या मोठ्या आतड्याला आतनं सूज आणि जखमा आहेत. रोगाचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मेसालामाईनच्या गोळ्या सुरू झाल्या. वरसाभरात रक्त थांबलं, गोळ्या राहिल्या.

२०१९ ला डॉक्टर म्हणाले, "काका, आठ वर्षं झाली. आता परत दुर्बीण करू."

"साहेब, मला तर काहीच होत नाही."

"म्हणूनच आता करायची."

आतडं वर्षानुवर्षं सुजत राहिलं की त्याच्या पेशी बिघडायला लागतात, आणि पुढं काहींना त्यातनं कॅन्सर होतो. बहुतेकांना होत नाही. पण ज्याला होतो त्याचा बिघाड पुष्कळदा सपाट असतो, गाठीसारखा वर येत नाही. सूज असताना तो ओळखू येत नाही, म्हणून आतडं शांत असतानाच बघायचं. आत निळं औषध फवारतात, मग खडबडीत जागा उठून दिसते. शिवाय ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतात. मला हे लगेच पटलं. डाळिंबावरचा तेल्या बाग हिरवीगार असतानाच शोधावा लागतो, पानावरच्या पाणचट ठिपक्यात. फळ तडकल्यावर आंधळ्यालाही दिसतो.

घरात पटायला वेळ लागला. आमची ही म्हणाली, "अवो, तेवढ्या पैशात बागेच्या दोन फवारण्या होतील." शेजारी म्हणाला, "तात्या, बरा माणूस दवाखान्यात गेला की ते कायतरी काढत्यातच." त्याचं अगदीच खोटं नाही. पण त्याच्या पुतण्याला हाच रोग आहे, फक्त गुदाशयापुरता. त्याला डॉक्टरांनीच सांगितलं, कॅन्सरसाठी सारखी दुर्बीण तुला नको. ज्याचं आतडं जास्त धरलंय, ज्याच्या घरात आतड्याचा कॅन्सर झालाय, ज्याच्या पित्ताच्या नळ्याही सुजल्यात, त्याला लवकर लवकर. कुणाला वर्षाला, कुणाला तीन, कुणाला पाच वर्षांनी.

तपासणीचं मला भ्या नाही. सुई देतात, गुंगी येते, जागं होईस्तवर झालेलं असतं. खरी परीक्षा आदल्या दिवशीची. दोन दिवस आधीपासनं बियांचं काही खायचं नाही. म्हणजे डाळिंबवाल्यानं डाळिंब खायचं नाही! मग पावडर कालवलेलं दोन लिटर खारट-गुळमट पाणी. ते पोटात गेल्यावर माणूस संडासापासनं दहा पावलं लांब जाऊ शकत नाही, आणि डॉक्टर म्हणतात सकाळी आठला या. आटपाडीवरनं एस्टीनं कसा येणार? म्हणून मिरजेच्या भाचीकडं मुक्काम. बिचारीनं आमच्यासाठी बादल्या भरून ठेवलेल्या असतात. ज्याचं शहरात कुणी नाही त्यानं काय करायचं, हे त्या पावडरीच्या पुडक्यावर लिहिलेलं नसतं.

२०१९ ची दुर्बीण साफ निघाली. २०२२ ला मात्र आतड्याच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी जागा दिसली. ती तिथंच दुर्बिणीतनं काढली. तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. हस्त बहाराची पानगळ करायची का बाग तशीच सोडायची, हे तेव्हाच ठरवायचं होतं. पोरगा रोज विचारी, "आबा, औषध आणू का?" मी म्हणायचो, थांब. ही काही विचारत नव्हती, नुसती भाकरी थापत होती.

रिपोर्ट आला. पेशी बदलायला लागल्या होत्या, कॅन्सर नव्हता. त्या जागेला पोट फाडावं लागलं नाही. सहा महिन्यांनी परत बघितलं, आणि आता दरवर्षी बघायचं ठरलंय. मी पोराला म्हणलं, आण औषध.

यंदाची तारीख तोडणीच्या दिवसात येतेय. मी पुढं ढकलायचं काढलं, तर हिनं आधीच भाचीला फोन करून टाकलाय, "आम्ही दोघं येतोय, बादल्या भरून ठेव."