रत्नागिरीत भेटलेली काकी

पनवेलकडून कोकण रेल्वेने येताना रत्नागिरीच्या जरा अलीकडे, उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान, करबुडेचा बोगदा लागतो. लांबी साडेसहा किलोमीटर. डब्यात एकदम काळोख होतो, मुलं आधी घाबरतात आणि मग ओरडण्याची मजा घेतात. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी मुंबईहून गावी जायचं म्हणजे रात्रभर एसटीत घाटाची वळणं मोजत बसायचं, असं आमच्या सासूबाई सांगतात. त्याही आधीच्या पिढीने तर बोटीने प्रवास केला.

सासूबाईंचं माहेर रत्नागिरीचं. त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचा निकाह होता म्हणून पावसाळा सरता सरता आम्ही निघालो. आम्ही म्हणजे गुडघेदुखीने बेजार सासूबाई, पाच वर्षांची लेक, आठ महिन्यांचा मुलगा आणि या सगळ्यांचं सामान. मुलांचे अब्बा कतारला नोकरीला आहेत, त्यांना सुट्टी मिळाली नाही. आमच्यासारख्या घरांतल्या बायकांना हे नवं नाही. शाळेची फी, बँक, दवाखाना, लग्नकार्य, सगळीकडे एकटीनेच उभं राहायचं असतं.

स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षाने उतरत उतरत गावात आलो की हवेतला खारेपणा कळू लागतो. एका बाजूला रत्नदुर्ग आणि त्याच्या पायथ्याशी मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर, दुसऱ्या बाजूला भाट्याची खाडी. खाडीच्या काठावर राजिवडा ही मुसलमानांची जुनी वस्ती, तिथे बहुतेकांचं पोट मासेमारीवर. जून आणि जुलै असे दोन महिने मासेमारी बंद असते. ऑगस्टपासून बोटी पुन्हा समुद्रात जातात आणि घरातले पुरुष पाण्यावर. इतर मोहल्ल्यांतले पुरुष आखातात. कुणाचा समुद्र जवळचा, कुणाचा लांबचा, एवढाच फरक.

लग्नघरी पोहोचलो त्याच दुपारी बाळाला धाप लागली. सर्दी होतीच, आता छाती घरघरू लागली, दूधही ओढेना. भाच्याने आम्हाला शहरातल्या एका इस्पितळात पोहोचवलं. डॉक्टरांनी तपासून दाखल करून घेतलं. ठरावीक वेळाने वाफ द्यायची, श्वासावर लक्ष ठेवायचं, निदान दोन दिवस इथेच राहावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर निकाह. घरात मंडप, पाहुणे, देगा. अशा घरातून कुणाला बोलावून घ्यायचं? भाच्याला आम्हीच परत पाठवलं.

वाफेचा मास्क बाळाच्या तोंडावर धरायचा तर दोन्ही हात लागत होते. लेक भुकेने किरकिरत होती. सासूबाई बाकावर बसून दुआ पढत होत्या, पण उठून औषधं आणायला जाणं त्यांच्याने होणारं नव्हतं. औषधांची चिठ्ठी आमच्या पदराला तशीच खोचलेली होती.

शेजारच्या खाटेवर एक नातू आणि त्याच्याजवळ त्याची आजी होती. पन्नाशीच्या पुढची, नऊवारी नेसलेली, पावसकडच्या एका गावातली. थोडा वेळ तिने बघितलं. मग काही न विचारता चिठ्ठी आणि पैसे मागून घेतले, खाली जाऊन औषधं आणली, उरलेले पैसे मोजून हातावर ठेवले. नंतर लेकीला जवळ घेऊन डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि चवळीची उसळ. सासूबाईंकडे बघून म्हणाली, "मटणबिटण काय नाय हो यात. मोकळ्या मनानं खावा." आम्ही काही बोलण्याआधीच तिने आमचा संकोच ओळखला होता.

लेकीचं खाऊन झालं तशी ती आमच्याकडे वळली. "आणि तू जेवलीस काय गो बाय?" सकाळपासून बाळाबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, फोनवरूनही विचारत होते. आईच्या पोटात काही गेलंय का, हे विचारणारी ती पहिलीच.

संध्याकाळी लांबून मगरिबची अजान ऐकू आली. आम्ही बाळाकडे आणि खिडकीकडे बघत होतो. काकीने हात पुढे केले. "बांग झाली ना? तुजी नमाज पढून घे. मी धरते पोराला. रडला तर हाक मारीन." वुजू करून आम्ही वॉर्डाच्या कोपऱ्यात जानमाज अंथरला. त्या तीन रकातींत मन एकदाही खाटेकडे धावलं नाही.

रात्री गप्पा झाल्या. तिचा मुलगा मिरकरवाड्यातून सुटणाऱ्या बोटीवर खलाशी. सून धाकट्या तान्ह्याला घेऊन घरी, म्हणून नातवाजवळ ही. "तुजा घोव पाण्यापलीकडं, माजा झील पाण्यावर," ती म्हणाली. "आपल्यालाच एकमेकींकडं बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ठाम सांगितलं, सुनेला एकटं सोडून निकाहला जाणार नाही. ज्या भाचीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या पाठवणीला त्या नसणार, हे आम्हाला सलत होतं. काकीने लेकीला समोर बसवून तेल लावलं, दोन घट्ट वेण्या घातल्या आणि सासूबाईंना म्हणाली, "नातीला घेऊन जावा. लगीन पुन्यांदा व्हायचं नाय. मी हाय इथं." सासूबाई गेल्या. भाचीला त्यांनी डोक्यावर हात ठेवून निरोप दिला. संध्याकाळी परतताना त्यांनी मटणाच्या डब्यापासून वेगळं बांधून सांदणं आणली, खास काकीसाठी. तो शनिवार होता, काकीला त्या दिवशी मांस-मच्छी चालत नव्हती. सांदणं तिने नातवासह आवडीने खाल्ली.

बाळ बरं झालं, अल्हम्दुलिल्लाह. निघायच्या दिवशी लेकीच्या हट्टाने थिबा राजवाड्यावर गेलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 साली तयार झाला, त्याआधीची वर्षं कुटुंब दुसऱ्या बंगल्यांत राहिलं. 1916 साली राजा इथेच वारला. लेकीने राजाच्या तलवारीबद्दल विचारलं, आम्हाला मात्र राणी सुपयालत आठवत होती. रत्नागिरीत उतरली तेव्हा तिच्याजवळ दोन लहान मुली होत्या आणि तिसरी, वाटेत मद्रासला जन्मलेली, जेमतेम महिन्याची. पुढच्याच वर्षी चौथी इथे झाली. परक्या गावात, परक्या भाषेत, चार लेकरं. राजाच्या थोरल्या मुलीची मुलगी टूटू तर रत्नागिरीचीच झाली. इथेच तिने संसार केला, मराठी बोलली आणि 2000 साली इथल्याच मातीत विसावली. परक्याला आपलं करायची या गावाला जुनी सवय असावी.

बुखारी शरीफमधल्या एका हदीसचा आशय असा आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण मागे एखादं मूल रडताना ऐकू आलं की त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकलेली. त्या वॉर्डात तिचा अर्थ नव्याने कळला. मूल रडतं तेव्हा लक्ष मुलाकडे जातं, आणि जायलाच हवं. पण त्या आवाजाने आईच्या काळजाचं काय होतं, हे ओळखणं ही पुढची पायरी. काकीने ही हदीस ऐकलेली नसेल, पण तिची नजर थेट आईपर्यंत पोहोचली.

सूरह निसाच्या 36व्या आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ आणि शेजारी यांच्याबरोबरच आपल्या बाजूच्या सोबत्याशी आणि वाटसरूशीही भलेपणाने वागण्याचा आदेश आहे. बाजूचा सोबती म्हणजे घटकाभर जो आपल्याशेजारी बसला तोही, रेल्वेतला, रांगेतला, इस्पितळातल्या पलीकडच्या खाटेवरचा. त्याचा धर्म विचारायची अट तिथे नाही.

भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यात असं एखादं घर नक्की असेल, जिथला कर्ता पुरुष परदेशात आहे आणि कडेवर तान्हं घेऊन एखादी सून रेशनच्या रांगेत उभी आहे. तिला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपण तिचं मूल दहा मिनिटं धरू या. आणि तिला विचारू या, "तू जेवलीस का?"